काचेआडचा पूर्वज

आमच्या डोंगरातून शिकून शहरातल्या संग्रहालयात गेलेली सेलेप ही पहिलीच. आम्हा पायवान आदिवासींच्या कोरीवकामावर तिने मोठा प्रबंध लिहिला, पण तिचा जीव अडकला होता एका खांबात. जपानी अमलात आमच्या मुखियाच्या घरातून उचलून नेलेला, पूर्वजाची मूर्ती कोरलेला तो खांब परदेशातल्या एका संग्रहालयाच्या वखारीत पडून होता. अकरा वर्षं पत्रं लिहून तिने तो प्रदर्शनासाठी सहा महिन्यांच्या बोलीवर मागून आणला.

तो घरात उभा असलेला पाहिलेली एकच बाई उरली होती, नव्वदीची ल्युमेग. खांबावर हात ठेवून म्हणायचं कुळाचं गाणंही तिलाच येत होतं. सेलेपला ते टिपून घ्यायचं होतं.

खोकं उघडल्यावर तपासणीत कळलं, की कीड लागू नये म्हणून तिकडच्यांनी लाकडात वर्षानुवर्षं सोमलाचं विष मुरवलं होतं. खांब काचेत गेला. तशी शिफारस सेलेपनेच लिहिली.

ल्युमेग सणाचे कपडे घालून, राळ्याची दारू घेऊन आली.

"उघड गं, वुवू." आमच्यात आजी-नातीच्या वयाच्या बायका एकमेकींना हीच हाक मारतात.

"नाही उघडता येत, वुवू. विष आहे त्यात."

"या वयात मला विषाची भीती घालतेस?"

सेलेपने नियम सांगितले. काच उघडली तर तिकडचे लोक खांब लगेच परत नेतील, म्हणाली.

"किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

म्हातारी बाकावर बसली. सेलेपने चाचरत गाण्याचं विचारलं.

"कोंडलेल्याला काय ऐकवू?" एवढंच म्हणून ती दारूची बाटली तशीच घेऊन उठली.

तीन आठवड्यांनी ल्युमेग गेली. मातीहून परतल्यावर सेलेपने काच उघडली आणि उघडा तळवा पूर्वजाच्या छातीवर टेकवला. तिला गाण्याची एक ओळही येत नव्हती. कुणी पाहिलं नाही, कुणी रागावलं नाही. मग तिने साबणाने तीनदा हात धुतले.

मुदत संपल्यावर खांब परत गेला. कागदावर सही तिचीच. सुगीच्या सणाला ती गावात येते, मागच्या रांगेत बसते. तिला कुणी दोष देत नाही. गेल्या वर्षी मी विचारलं, नवीन काही लिहितेस का? ती म्हणाली, "कुणासाठी?" मी तिला जेवायला वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि पान बाजूला सारलं.