हुं म्हणाल तर सांगेन

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या जमातीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे तिच्या तोंडून एका वाक्यापलीकडे शब्द फुटेना, आणि भाचीला घाम फुटला.

भाची सिनेमावाली. आपल्या आदिवासी जमातीची मूळ गोष्ट तिला व्हीआरमध्ये करायची होती. डोळ्यांवर ते डबडं चढवलं की समोर आत्या बसलेली आणि चहूबाजूंनी डोंगर! अख्खी गोष्ट येणारी आता एकटी आत्याच उरली होती. शेवट तर भाचीलाही माहीत नव्हता. आत्याबरोबर गोष्टही जाणार होती.

“सगळे चिडीचूप!” आवाजवाल्यानं पुन्हा बजावलं.

आत्यानं पहिलं वाक्य सांगितलं नि परत थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नाक खाजवलं.

“आत्या, पुढे?”

“पुढे काय, माझं कपाळ! सगळ्यांची दातखीळ बसलीय का? कुणी हुं म्हणेल तर सांगेन ना!”

भाचीनं कपाळावर हात मारला. त्यांच्यात ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक हुं म्हणायचं, हुं थांबलं की गोष्टही थांबते. सिनेमाच्या शाळेत शांतता शिकता शिकता बाईसाहेब नेमकं हेच विसरल्या होत्या.

मग ती समोर बसून हुं हुं करू लागली. “नंतर तुमचं हुं कापून टाकू,” आवाजवाला पुटपुटला.

“हुं कापशील तर गाठ माझ्याशी आहे!” आत्या गरजली. बिचारा हेडफोन सावरत मागे सरकला.

गोष्ट रंगली. आत्या हातवारे करत होती, मध्येच भाचीच्या विस्कटलेल्या केसांवर ताशेरेही ओढत होती. शेवट जवळ आला आणि ती गप्प झाली.

“हुं,” भाची म्हणाली. “अगं आत्या, हुं!”

“ऐकलं. बहिरी नाही मी. शेवट डबड्यात द्यायचा नाही. कोण जागं, कोण पेंगतंय, मला आतून कसं दिसणार?”

“बघणाऱ्यानं हुं म्हटल्याशिवाय तू पुढे बोलणारच नाहीस, अशी सोय करते.”

“हुशार आहेस. कर तशी सोय. पण शेवट हवा त्यानं माझ्या दारी यावं.”

भाचीचा तोल सुटला. “आणि तू गेल्यावर?”

बोलून गेली आणि जीभ चावली. आत्या मात्र हसली. “माझी आई मला सांगून गेली. मी कुणाला सांगून जाऊ? तू येतेस ती या यंत्राला घेऊन. त्याला बसवतेस माझ्यापुढे, आणि हुंही त्याच्यासाठीच म्हणतेस. नुसती कधी येणार गं?”

भाचीनं कॅमेरा बंद केला, आवाजवाल्याला चहाला पिटाळलं आणि आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“हुं,” ती म्हणाली.

आत्या शेवट सांगू लागली. दोन-चार वाक्यांतच भाचीला रडू कोसळलं. काही केल्या हुं उमटेना. आत्यानं वाट पाहिली, मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रड खुशाल. आज तेवढं चालेल,” ती म्हणाली, आणि हुं नसतानाही पुढे सांगत राहिली.