वेंडेलच्या उजव्या बुटात

वेंडेल हॉगनने बहात्तराव्या वर्षी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा गावाने त्याला नावं ठेवली नाहीत. इतके दिवस कुठे झोपला होतास, एवढंच विचारलं. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या त्या गावात मुळात माणसंच थोडी. वेंडेलने तीस वर्षं घरोघरी गॅस पोचवणारा टँकर चालवला होता आणि लोर्ना पिकेटने शाळेची बस. लोर्ना आता एकोणसत्तर वर्षांची, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. पण तिने नुसतं वळून पाहिलं तरी चाळिशीतले बाप्ये अजून सरळ बसत.

बुधवारी सकाळी दोघं लग्नाचा परवाना काढायला कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टात गेले. वेंडेलने नवा शर्ट घातला होता. लोर्नाच्या खांद्याला नेहमीची विणकामाची पिशवी होती. आत शिरले आणि वेंडेल जागच्या जागी थबकला. मागच्या वर्षी तो गाडीची नोंदणी करायला आला, तेव्हा दार सताड उघडं होतं. आता तिथे मेटल डिटेक्टरची चौकट उभी होती, शेजारी पहाऱ्यावरचा पोलीस डेप्युटी रॉस्को, आणि भिंतीवर कोरी करकरीत पाटी: 'शस्त्रं आत नेऊ नयेत. परवाना असला तरीही.'

वेंडेलच्या उजव्या बुटात एक छोटं रिव्हॉल्वर होतं. टँकर घेऊन ओसाड रस्त्यांवर हिंडताना जी सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. पण लोर्नाला त्याचा पत्ता नव्हता. चर्चच्या जेवणात कमरेला पिस्तूल लटकावून आलेल्या एकाला पाहून ती म्हणाली होती, "बटाट्याचं सॅलड खायला हत्यार लागतं? बटाट्याला भितो की काय हा?" वेंडेल तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला होता. त्यानंतर बुटातलं सांगणार कुठल्या तोंडाने?

"अरे, चष्मा गाडीतच राहिला," तो म्हणाला.

"नाकावर आहे तुझ्या."

"हा लांबचा. वाचायचा राहिला."

"मग तू थांब, मी आणते," लोर्ना घाईघाईने म्हणाली.

"छे, छे, मीच जातो. तू कशाला?"

"मी कशाला म्हणजे? मला काय पाय नाहीत?"

रॉस्को गालात हसत म्हणाला, "मिसेस पिकेट, लग्नाआधीच भांडण? मागे रांग लागलीय."

"तू गप रे. तिसरीत असताना बसमध्ये बेडूक कोणी सोडला होता, ते सांगू का सगळ्यांना?"

रांगेतले लोक हसायला लागले. रॉस्को कानापर्यंत लाल झाला. तेवढी संधी साधून वेंडेल सटकला.

पिकअपच्या पलीकडच्या बाजूला, कोणाला दिसू नये म्हणून, तो बूट ओढायला लागला. बूट काही निघेना. एका पायावर नाचत, आरशाला धरून त्याने कसाबसा तो काढला आणि रिव्हॉल्वर हातात घेतलं, तोच मागून आवाज आला.

"पळून चालला होतास का?"

लोर्ना उभी होती, धापा टाकत.

"बूट काढून कोण पळतं?" वेंडेल म्हणाला. मग तिची नजर हाताकडे गेली, आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही. "सांगणार होतो तुला. खरंच. पण ते बटाट्याचं ऐकलं आणि..."

लोर्नाने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. तिने आत हात घातला, लोकरीचे दोन गुंडे बाजूला सारले, अर्धवट विणलेला एक मोजा काढला, आणि मोज्यातून काळंभोर पिस्तूल. वेंडेलच्या रिव्हॉल्वरच्या दुप्पट.

"गावापासून दहा मैलांवर एकटी राहते मी," ती म्हणाली. "आणि चर्चमध्ये जे बोलले ना, ते मिरवणाऱ्यांबद्दल. पण तू इतका हसलास, की मला वाटलं, याला कळलं तर लग्न मोडेल."

"मला वाटलं, तुला कळलं तर."

"आपण दोघंही ठार वेडे आहोत."

"तुझं जरा जास्तच मोठं आहे," वेंडेल कुरकुरला. मग दोघांना असं हसू फुटलं, की लोर्नाला दाराला टेकावं लागलं.

दोन्ही हत्यारं रिकामी करून त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. कप्पा मिटेना म्हणून वेंडेलने नकाशे आणि जुने हातमोजे बाहेर काढले. मग कप्पा आणि गाडी, दोन्हींना कुलूप लावलं. दोघं परत येऊन चौकटीतून मुकाट पार झाले.

"सापडला चष्मा?" रॉस्कोने विचारलं.

"दोघांचेही," लोर्ना म्हणाली.

खिडकीपाशी कारकून बाई अर्ज भरत होती. "आधीची लग्नं?"

"एक," लोर्ना म्हणाली. "तो बरा होता."

"आणि तुमची?"

"एकही नाही," वेंडेल म्हणाला.

बाईने चष्म्यावरून पाहिलं. "बहात्तराव्या वर्षी पहिलंच?"

"घाई नव्हती."

सही करताना त्याने पेन इतकं दाबलं, की कागदच सरकायला लागला. लोर्नाने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याचं नाव पुरतं लिहून होईपर्यंत दाबून धरलं.