भागुबाईला खाली उतरवणारी गाडी

आपल्याकडं गाडी रस्त्यात बंद पडली, की गाडीवाला इंजिन बघायच्या आधी आत कोण कोण बसलंय ते बघतो. वाचकहो, हसू नका. अशी सवय असलेला एक तरी गाडीवाला तुमच्या ओळखीत निघेल. बोरीकडच्या बन्सीधरला तर ती होतीच.

बन्सीधरची व्हॅन जुनी, पण परदेशी. धरणाच्या कामावर आलेले परदेशी इंजिनियर माघारी गेले तेव्हा हैदराबादेत त्यांच्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात त्यानं ती घेतलेली. पुढच्या सीटखाली इंजिन आणि इंजिनाला चिकटून एक चपटा पत्र्याचा डबा. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं त्या डब्याच्या मर्जीवर. परभणीचा मेकॅनिक चंद्रभान त्याला इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणायचा. साल त्र्याण्णव. गावच्या बँकेत अजून कॉम्प्युटर आला नव्हता आणि बन्सीधर मात्र रोज त्याच्यावर बसून परभणीला जात होता.

"डबा मरायलाय," चंद्रभाननं होळीच्या सुमारास सांगितलं होतं. "तापला की काम सोडतोय. बदलून टाका."

"इंजिनाला कुठं डोकं असतंय का?" म्हणत बन्सीधरनं ते हसण्यावारी नेलं.

व्हॅन रोज सकाळी गावातून निघायची, खडकाळ रस्त्यानं चार वाड्या घ्यायची, शेवटी माळावरच्या धनगरवस्तीवर थांबायची आणि मग डांबरी रस्त्याला लागायची. उन्हं तापू लागली तशी ती वस्ती सोडल्यावर थोड्याच अंतरावर बंद पडू लागली. नेमकी त्याच दिवसांत वस्तीवरची भागुबाई रोज गाडीत चढायला लागली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

भागुबाई मेंढरं राखायची. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. कळपात पिसाळलेलं कुत्रं शिरलं, कोकरू सोडवायला गेली तर तिच्याच पोटरीचा लचका तोडला. परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोटात रोज एक अशा चौदा सुया सांगितल्या होत्या. फाट्यावरची एसटी दुपारची. ती परभणीला पोचेपर्यंत सुयांची वेळ संपलेली असे. म्हणून बन्सीधरच्या गाडीशिवाय तिला इलाज नव्हता.

पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा पुढच्या सीटवरचे व्यंकटराव मागं वळून म्हणाले, "बन्सी, सकाळच्या पारी पांढऱ्या कपाळाची बाई घेतूस, मंग गाडी चालंल कशी?"

व्यंकटराव म्हणजे गावातला वजनदार माणूस. बन्सीधरनं भागुबाईला खाली उतरवलं. व्यंकटरावांच्या पिशवीतला नारळ गाडीपुढं फुटला, खोबरं वाटलं, सगळ्यांची तंबाखू मळून झाली. मग किल्ली फिरवली तर गाडी सुरू! आता याहून मोठा पुरावा तो कोणता? दुसऱ्या दिवशीही तसंच घडलं. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाल्यावर बन्सीधरनं तिला परत आत घेतलंच नाही. रस्त्याच्या कडेला उन्हात ती उभी राहिली आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

त्या संध्याकाळी भागुबाई चालत बन्सीधरच्या दारात आली. अंगणात त्याची आई दगडाबाई ज्वारी पाखडत बसली होती.

"दादा, आजची सुई चुकली," भागुबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "कुत्रं पिसाळलेलं व्हतं. त्या रोगानं माणूस पाण्याला भिऊन मरतंय. माझी दोन लेकरं हायत. उद्या म्या गाडीत बसणार हाय, तुमी कायबी म्हना."

"बाई, मला बाकीच्यांचंबी बघावं लागतंय," बन्सीधर मान खाली घालून म्हणाला. "तू बसली की गाडी बंद पडायलीय. समद्यांनी डोळ्यानं बघितलंय."

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं. "बन्सी, माझं कपाळ कसं हाय रे?"

"माय, तुझी गोष्ट वायली."

"वायली कशी? तुझा बाप जाऊन किती वरसं झाली. संक्रांतीला मला गंगाखेडला गंगेवर घेऊन गेलास. तवा तर गाडी कुठंच थांबली न्हाई."

"तवा थंडी व्हती," बन्सीधर बोलून गेला.

"मंग थंडीचं अन् उन्हाचं बघ की. बाईचं काय बघायलास?"

बन्सीधरच्या कानात चंद्रभानचे शब्द घोळू लागले, पण मन मानेना. तीन दिवस डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल? दगडाबाई हट्टाची बाई. "उद्या म्याबी येते," तिनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं व्यंकटरावांना मागं बसवलं, स्वतः पुढं बसली आणि वस्तीवर भागुबाईला हाताला धरून शेजारी घेतलं. माळ ओलांडला आणि गाडी आचका देऊन थांबली.

"आता तर दोन-दोन हायत," व्यंकटरावांनी मागून ऐकवलं आणि पिशवीतून नारळ काढला.

"नारळ ठिवा आत," दगडाबाई म्हणाली. "आज कुनी उतरायचं न्हाई अन् कायबी फोडायचं न्हाई. रोज खोबरं खाऊन तंबाखू मळूस्तोवर थांबता ना? तेवढंच थांबायचं. भागुबाई, बस तू."

भागुबाईनं पुढचा दांडा घट्ट धरला. मागं कुजबुज झाली, कुणी घाम पुसला, कुणी व्यंकटरावांकडं पाहिलं. बन्सीधरनं दोघींना जरा सरकायला सांगून सीटची कड वर उचलली. डब्याला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. मग तो डबा निवायची वाट बघत बसला. असं नुसतं बसणं त्याला नारळ फोडण्यापेक्षा फार जड गेलं. कितीतरी वेळानं त्यानं पुन्हा हात लावून पाहिला. डबा कोमट झाला होता. त्यानं किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली! दोघी विधवा जागच्या जागी होत्या, नारळ पिशवीत होता, आणि गाडी सुरू झाली!

बन्सीधरला भर उन्हात लाज वाटली. तीन दिवस नारळानं काही केलं नव्हतं. नारळ फुटेपर्यंत, वाटेपर्यंत डब्याला निवायला वेळ मिळत होता, एवढीच काय ती त्याची करामत. आणि त्या फुकटच्या पुराव्यावर त्यानं एका बाईचा जीव टांगणीला लावला होता.

भागुबाई वेळेत दवाखान्यात पोचली. डॉक्टर चुकलेल्या सुईवरून रागावले, तेव्हा बन्सीधर पुढं होऊन म्हणाला, "चूक माझी हाय. आता एकबी चुकायची न्हाई." तिथून तो तडक चंद्रभानकडं गेला. लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी एक हैदराबादेत भंगारात पडली होती. तिचा डबा चंद्रभाननं मागवला. तो येईपर्यंत बन्सीधर रोज वस्तीवर मुद्दाम थांबायचा आणि सीट उघडून डबा निववायचा. कुणी कुरकुर केली तरी बधायचा नाही. भागुबाईच्या सगळ्या सुया पार पडल्या.

मग नवा डबा बसला. जुन्याच्या वायरी खुणा करून सोडवल्या, तशाच नव्याला जोडल्या, आणि भर वैशाखात व्हॅन माळ ओलांडून न थांबता परभणीला गेली. परत येताना बन्सीधर मोठ्या समाधानानं वस्तीवर उतरला.

"भागुबाई, डबा बदलला. समदा दोष त्याचाच व्हता. तुझा कायबी न्हाई, आता पक्कं झालं."

भागुबाई मेंढराच्या पायातला काटा काढत होती. तिनं मान वर केली.

"अन् डबा घावलाच नसता तर, दादा?"

बन्सीधरचं समाधान जागीच विरलं. "तरीबी न्हाई," तो म्हणाला. "तरीबी तुझा दोष नव्हताच. माझंच चुकलं, भागुबाई."

पुढं एकदा इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटून गाडी पुन्हा थांबली. व्यंकटरावांची नजर सवयीनं बायांवरून फिरली. बन्सीधर दार उघडत म्हणाला, "बसून ऱ्हावा समदे. गाडी माझी हाय, उतरायचं तर म्याच उतरतो."

वाचकहो, यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करावं, जुनं झालं तर बदलावं. त्यात अवघड काही नाही. पण एखादी बाई निर्दोष आहे हे कळायला आपल्याला आधी डबा सापडावा लागत असेल, तर बिघाड गाडीत नाही, आपल्यात आहे. आणि तो दुरुस्त करायला हैदराबादेहून काही येणार नाही.