करंगळी टेकवणारा हात

मी या वर्गाच्या कोपऱ्यातून बोलतोय. अंगभर खडूची पूड माखलेली आहे, म्हणून चटकन ओळखू येणार नाही. मी गुंडाळी फळा. कापडाचा आहे. वर एक दांडी, खाली एक दांडी. उलगडलं की भिंत भरते, गुंडाळलं की काखेत मावतो.

समोरच्या भिंतीवर तो आहे. काचेचा, रुंद, कळ दाबली की उजळणारा. सगळे त्याला स्मार्ट बोर्ड म्हणतात. मी त्याचं नाव घेत नाही. मी त्याला पाण्यात पाहतो, आणि हे लपवायचा माझा विचारही नाही. फळ्याला कुठे काय लपवता येतं? अंगावर जे उमटेल ते सगळ्या वर्गाला दिसतंच.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या घरी झाला. म्हातारा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आला होता. त्याची सून एका लहानशा शाळेत शिकवायला लागली. तिथला फळा इतका गुळगुळीत झाला होता की खडू नुसता घसरायचा. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन कुरकुरली.

"मामंजी, मुलांना माझं अक्षर दिसतच नाही हो."

"सूनबाई, अख्ख्या बाजाराला अक्षर दिसेल अशा पाट्या मी केल्या. घरच्या बाईला एक फळा होत नाही होय?"

त्यानं जाड कापड चौकटीवर ताणलं आणि त्यावर काळ्या रंगाचे चार हात दिले. एक हात वाळला की तो घासायचा, मगच दुसरा द्यायचा. शेवटी त्यानं सुनेच्या हातात खडू दिला आणि तिची करंगळी धरून माझ्यावर टेकवली.

"अक्षर या बोटावर उभं राहतं. करंगळी टेकलेली असली की हात थरथरत नाही. पाटी रंगवताना मी हेच करतो."

तो माझा आणि तिचा पहिला स्पर्श.

पुढे अकरा वर्षं ती मला काखेत मारून शाळेत नेत होती. शाळेत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. बाईंचं अक्षर असं, की पालकसुद्धा दारात थांबून वाचायचे. प्रत्येक ओळीच्या खाली त्यांची करंगळी सरकत जायची. तिच्या येण्याजाण्यानं माझ्या अंगावर बारीक गुळगुळीत वाटा पडल्या होत्या. मला त्यांचा फार अभिमान होता.

मग एक दिवस मुख्याध्यापिकेनं त्यांना बोलावलं. मी काखेतच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाई, तुमच्या शिकवण्याला कुणी नाव ठेवत नाही. पण तुमचं अध्यापक प्रशिक्षण झालेलं नाही. आता त्याशिवाय कुणाला ठेवता येत नाही. या वर्षात पूर्ण करा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"आणि मी?"

मुख्याध्यापिका टेबलावरची पट्टी सरळ करत बसल्या.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. सकाळी शाळा, दुपारी प्रशिक्षण. बरोबर अर्थात मी. पहिले काही महिने माझी चैन होती. फलकलेखनाचा तास आला की सर मला खिळ्याला टांगायचे आणि सगळ्यांना म्हणायचे, "हे बघा, याला म्हणतात लिहिणं." बाई लाजायच्या. मी मात्र ताठ लोंबकळायचो.

नंतर विषय बदलला: वर्गातलं तंत्रज्ञान. त्या तासाला एक तरुण सर आले. त्यांनी भिंतीवरच्या त्या काचेचं आवरण काढलं, कळ दाबली आणि तो उजळला. चाळीसजणी एका सुरात म्हणाल्या, "अय्या!" माझ्यासाठी असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

"यावर बोटानं लिहायचं," सर म्हणाले. "शेवटचा सराव पाठ सगळ्यांनी यावरच घ्यायचा आहे. परीक्षक तोच बघणार. त्यात नापास, तर प्रमाणपत्र नाही. कोण येतं आधी?"

बाईंच्या शेजारी एक चटपटीत मुलगी बसायची. बोलता बोलता चुटकी वाजवायची म्हणून तिचं नावच चुटकी पडलं होतं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ती उठली, बोटानं दोन शब्द लिहिले, एक कळ दाबली आणि तिचे ते कोंबडीचे पाय सरळ होऊन छापल्यासारखे रांगेत उभे राहिले.

"जादूच की गं!" कुणीतरी म्हणालं.

मग सरांनी बाईंना बोलावलं. "या मॅडम, तुमचं अक्षर तर सुंदर आहे."

बाई गेल्या. त्यांनी पदर खोचला, बोट उचललं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं करंगळी काचेवर टेकवून लिहायला सुरुवात केली.

त्या काचेला वाटलं, दोन बोटं लिहितायत. बाई वर अक्षर काढत होत्या आणि खाली करंगळी आपली वेगळीच रेघ ओढत होती. प्रत्येक अक्षराला लांबलचक मिशी फुटली. बाईंनी घाबरून ती पुसायला तळहात टेकवला, तर सगळंच पुसलं गेलं.

वर्गात हशा पिकला.

"मॅडम, हात टेकवू नका. फक्त एक बोट," सर म्हणाले.

बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा मिशी. तिसऱ्यांदाही मिशी.

"काकू, तुमच्या अक्षरांचं लग्नाचं वय झालं वाटतं," चुटकी म्हणाली. पुन्हा सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आणि मी? खरं सांगू? मला आनंद झाला. माझ्या बाईंच्या हाताची त्याला ओळखच पटत नाही, असं मी मनाशी म्हणत होतो. तो कितीही उजळला तरी त्यांची करंगळी फक्त मलाच ठाऊक आहे. त्यांची नोकरी जाईल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. हेव्याचं असंच असतं. त्याला स्वतःपुढे काही दिसत नाही.

महिना गेला. बाई रोज तास संपल्यावर थांबून प्रयत्न करायच्या. काचेसमोर हात नेला की करंगळी आपोआप खाली यायची. एकदा त्यांनी करंगळीला रुमाल बांधून पाहिला, तर रुमालाचीही रेघ उमटली. आता अंतिम पाठाला तीन आठवडे उरले होते.

एका रविवारी दुपारी बाई घरी मला पुढ्यात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. म्हातारा आला.

"काय झालं सूनबाई? तोंड का एवढंसं?"

बाईंनी सगळं सांगितलं. मिश्यांचंही सांगितलं. "मामंजी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही माझी खोड मला घरी बसवणार. तो वर्ग सुटला ना, तर मला दुसरं काही येत नाही हो."

म्हातारा म्हणाला, "चूक माझी आहे. एक गोष्ट तुला शिकवायचीच राहिली. करंगळी टेकवायची ती वाळलेल्या पाटीवर. ओल्या रंगावर काम करताना मी कधी हात टेकवला होता का? टेकवला की केलेलं सगळं फासलं जायचं. तेव्हा हात खांद्यापासून हलवायचा. मनगट तरंगतं ठेवायचं. तुझी ती काच म्हणजे ओली भिंत समज."

"पण कळणार कसं टेकलं की नाही ते? घरी काच कुठून आणू?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानं खडू कुटून त्यांची पूड केली आणि फडक्यानं माझ्या सगळ्या अंगाला फासली. काळा मी पांढराफटक झालो. "घे. आमच्या आजोबांनी धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवली होती. आता तू गिरव. बोट लागेल तिथे काळं दिसेल. करंगळी लागली तर तीही दिसेल. हा खोटं बोलणार नाही."

म्हणजे मला सोडून त्याच्याकडे जायचं कसं, हे बाई माझ्याच अंगावर शिकणार होत्या! सवतीच्या वरातीसाठी आपणच रांगोळी काढावी, तसं झालं माझं.

रोज संध्याकाळी स्वयंपाक चढवण्याआधी बाई मला टांगायच्या, पूड फासायच्या आणि लिहायच्या. म्हातारा खुर्चीत बसून ओरडायचा, "टेकली! पुन्हा! खांदा हलव, खांदा!" पहिल्या दिवसांत अक्षरं हिंदकळायची, दारुड्यासारखी. प्रत्येक ओळीखाली करंगळीचा काळा ओरखडा असायचा, अगदी माझ्या जुन्या वाटांवरून गेलेला. मला तो ओरखडा प्राणाहून प्रिय वाटायचा.

एके दिवशी बाईंनी अख्खी ओळ लिहिली आणि शेवटच्या अक्षराला करंगळी जराशी, अगदी केसाएवढी लागली. त्या मागे सरकून डोळे बारीक करून बघायला लागल्या. "मामंजी, लागली का हो?"

"मला एवढ्या लांबून काय दिसतंय? फळ्यालाच विचार."

मला वाटलं, लपवावं. एवढीशी तर खूण. वारा आला, मी थोडा हललो, तर चार कण सरकतील आणि ती बुजून जाईल. बाईंना वाटेल, जमलं. मग त्या काचेसमोर फजिती होईल, आणि त्या रडत का होईना, माझ्याकडे परत येतील.

खिडकीतून वारा आलासुद्धा. पण मी खालची दांडी भिंतीला घट्ट टेकवून राहिलो. का, ते मला सांगता येत नाही. अकरा वर्षं त्या माझ्यावर खरंच लिहीत आल्या होत्या, एवढंच म्हणतो.

बाई जवळ आल्या. त्यांना खूण दिसली. "लागली," त्या म्हणाल्या आणि फडकं उचललं. त्यानंतर नवव्या दिवशी पूर्ण फळाभर लिहूनही माझ्यावर एकही ओरखडा नव्हता. म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. बाईंनी हसत हसत मला पुसलं. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

अंतिम पाठाच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. "वीज गेली तर असावा जवळ," त्या चुटकीला म्हणाल्या. मी मागच्या खिळ्याला गुंडाळलेलाच टांगलेला होतो आणि मनातल्या मनात एकच जप करत होतो: जाऊ दे, वीज जाऊ दे. पण कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. वर पंखा गरगरत राहिला आणि समोर तो झळकत राहिला.

पाठ होता मुळांच्या प्रकारांचा. समोर पाचवीची मुलं, मागे वही घेऊन परीक्षक. बाईंनी बोटानं जमिनीची रेघ ओढली, खाली जाड सोटमूळ काढलं. मनगट तरंगत होतं. एकही मिशी नाही. एका मुलानं विचारलं, "बाई, आपण गाजर खातो ते मूळच का?" बाई खुलल्या. चांगला प्रश्न आला की त्या अशाच खुलतात. "शाब्बास! ते मूळच," म्हणत त्या घाईनं गाजर काढायला गेल्या आणि त्या आनंदात त्यांची करंगळी टेकली.

गाजराच्या बुडाला सर्रकन एक रेघ फुटली.

परीक्षकांनी मान वर केली. चुटकीनं ओठ चावला. बाई त्या रेघेकडे बोट करून म्हणाल्या, "बघा मुलांनो, न सांगताच याला उपमूळ फुटलं. असंच असतं. मूळ वाढताना कुणाला विचारत नाही." आणि मनगट उचलून त्यांनी शेजारी आणखी चार उपमुळं काढली. मुलं हसली. परीक्षक हसून वहीत काहीतरी लिहायला लागले.

बाई पास झाल्या. त्यांचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला. ती एक रेघ मात्र माझी होती, हे मी आजही सगळ्यांना बजावून सांगतो.

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. तरुण सरांना पूड फासलेल्या फळ्याची युक्ती कळली. "मॅडम, हा आम्हाला द्याल? दरवर्षी तुमच्यासारख्या दहाजणी तरी असतात." बाईंनी जाताना माझी दांडी दोन्ही हातांनी धरली, बराच वेळ धरली, आणि मला या कोपऱ्यात टांगलं. त्यांच्या शाळेतही आता एक काच आली आहे म्हणे. आता तिच्यावर त्या रोज लिहितात. ऐकलं तेव्हा तीन दिवस माझ्या अंगावर खडू धरत नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी पिकलेल्या केसांच्या, टेकलेल्या हातांच्या बाया माझ्याकडे येतात. कुणी करंगळी टेकवते, कुणी मनगट, कुणी अख्खा तळहात. मी प्रत्येकीची खूण खरी दाखवतो. खूण दिसेनाशी झाली की त्या मला सोडून समोर जातात आणि तो त्यांच्यासाठी उजळतो. माझं जळणं कमी झालेलं नाही. उगाच मोठेपणा का सांगू? दर वर्षी दहा वेळा जळतो.

तेव्हा माझं एकच मागणं आहे. उद्या तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहाल. लिहिण्याआधी मला पुसावं लागतं, पूड नव्यानं सारखी करावी लागते. ते काम घाईत उरकू नका. वरच्या दांडीपासून खालपर्यंत सावकाश फडकं फिरवा. पुढे तुम्ही कुणाच्या होणार, ते मला ठाऊक आहे. पण पुसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तुमचे दोन्ही हात माझे असतात.