मी रंगारी नव्हे

मी ग्लुटाथायोन बोलतोय. नाव घेताना जीभ अडखळली ना? अडखळू दे. तुमच्या प्रत्येक पेशीत मी जन्मतो, पण सगळ्यात जास्त राबतो तो यकृतात. तापाचं औषध पचताना थोडं विषही तयार होतं. मी त्याला मिठी मारतो आणि त्याच्यासकट बाहेर जातो. कधी तक्रार केली नाही.

पण एका घरात माझं डोकं फिरलं. तिथल्या तान्हीच्या यकृतात मी राबत होतो आणि तिची आत्या मलाच गोळ्यांच्या डबीतून विकत आणत होती! आत्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. तान्हीच्या आईला म्हणायची, "बघ गं, या गोळ्यांनी मी कशी उजळते ते." अहो बाई, मी काय रंगारी आहे?

अशात तान्हीला ताप आला. आईने थेंबांचं औषध ड्रॉपरने मोजून दिलं आणि ती कपडे धुवायला गेली. आत्याने नाक मुरडलं, "मुंगीला पाजतेय की काय?" आणि तेच औषध चमचा भरून पाजलं. ताप हटेना, तसं आईची पाठ वळली की पुन्हा पुन्हा पाजलं. अहो, थेंबांचं औषध चमच्याने द्यायच्या औषधापेक्षा जहाल असतं! मी एकटा किती झुंजणार? संपत चाललो. तान्ही ओकायला लागली, दूध तोंडात घेईना.

आईच्या हाताला चिकट चमचा लागला.

"ताई, यात काय होतं?"

"तापाचंच की. पोटभर दिलं."

आई बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. मागून आत्या, हातात डबी. "डॉक्टर, यावर लिवरसाठी लिहिलंय. एक कुटून देऊ?"

"पिशवीत ठेवा ती! एवढा घोळ पुरला नाही?"

डॉक्टरांनी शिरेतून दुसरंच औषध सोडलं. त्यातून माझं कच्चं सामान मिळालं आणि मी यकृतात नव्याने घडू लागलो. आई सारखी बाळाचे डोळे उघडून बघायची, पिवळे तर नाहीत ना? "वाचेल ना हो?" "रक्त परत तपासू," एवढंच उत्तर.

आज तान्हीने दूध ओढलं. धोका टळलाय म्हणतात. आत्या हुंदके देत म्हणाली, "मायेनेच दिलं गं."

"ताई, माया करा. औषध मी देईन."

बरोबर बोलली. आणि तुम्हीही ऐका. रंगासाठी मला बाजारात उभं करू नका. मी आत आहे या भरवशावर लेकरांच्या तोंडात अंदाजाने औषध ओतू नका. मी आहे तेवढाच आहे.