हर्नियाचं निमित्त

खोटंच बोलायचं होतं तर मूळव्याध सांगायला हवी होती. मूळव्याध म्हटली की माणसं तोंड वाकडं करून विषय बदलतात. मी सांगितला हर्निया. आणि आमच्या काचेच्या कारखान्यात हर्नियावर अधिकाराने बोलणारा माणूस आधीच होता, तोही माझाच जोडीदार. उंची आणि चाल या दोन्हींमुळे सगळे त्याला उंट म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि विसाव्या दिवशी तो काच उचलायला उभा होता. हा पराक्रम तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतो.

माझं ऑपरेशन वेगळंच होतं. चौदा वर्षांच्या साखरेने माझ्या शरीरातलं बरंच काही खाल्लं, त्यात तेही गेलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी लिंगात बसवायचं यंत्र सुचवलं. आत दोन नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत छोट्या अक्रोडाएवढा पंप, ओटीपोटात पाण्याची पिशवी. पंप दाबला की पाणी नळ्यांत येणार, आणि मग मी पुन्हा नवरा. "म्हणजे सायकलच्या हवेसारखं," मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "पंप कसा चालवायचा ते सहाव्या आठवड्यात इथे शिकवू. तोवर हात लावायचा नाही, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. ताप आला, लाली दिसली, तर लगेच यायचं. आत जंतू शिरले तर सगळंच काढावं लागतं. आणि तुमची साखर बघता, एकदा काढलं की दुसऱ्यांदा बसवायला मी धजावणार नाही."

बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कशाला?" ती म्हणाली. एवढंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो, गुडघे दुखतात असं सांगून. आत झोपलो तर तिचा हात अंगावर पडेल, आणि मग पुढे काय, या भीतीने. सहा वर्षं माणूस आतून कुरतडला जातोय आणि ही विचारते कशाला! मी म्हणालो, "तुझ्यासाठी." टॉवेलची घडी चुकली होती, ती तिने उलगडून पुन्हा घातली.

ऑपरेशननंतर कामावर गेलो तो अठराव्या दिवशी. मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "नुसता ये. टेबलावर काच काप, उचलू नकोस." मालक वाईट माणूस नाही. पण काच कापायच्या टेबलाची कड नेमकी कुठे येते हे एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती नेमकी तिथेच येते. काचेवर हिरा ओढायचा तर पोट टेबलाला टेकवून पुढे वाकावं लागतं, मी मात्र टेबलापासून वीतभर लांब उभा राहून ढुंगण मागे काढून कापत होतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते वर, पोटाच्या बाजूला वळवून घट्ट चड्डीत दाबून ठेवलेलं. वरून मेव्हण्याची ढगळ पँट आणि बाहेर सोडलेला शर्ट. सूज उतरली नव्हती. पंप मांडीला लागायचा, त्यामुळे फेंगडं चालावं लागायचं.

"हर्नियावाला असा चालत नाही," पहिल्याच दिवशी उंट सगळ्यांसमोर म्हणाला. "बाळंतीण चालते अशी."

सगळे हसले. मीही हसलो. हसताना टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं.

उंटाचं माझ्यावर प्रेम आहे, आणि तीच पंचाईत होती. खोकताना पोटावर उशी धर, पायऱ्या एकेक उतर, बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, असे सल्ले दिवसभर. जेवणाच्या सुट्टीत तर त्याने बनियन वर करून स्वतःचे तीन व्रण दाखवले. "आता तुझे दाखव. बघू तुझ्या डॉक्टरचा हात कसा आहे." मी संडासात जाऊन कडी लावली आणि सुट्टी संपेपर्यंत आत बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा लपून बसलोय! माझी मलाच शिसारी आली.

पण सांगणार कसं? या माणसाबरोबर एकोणीस वर्षं मी काच वाहिली आहे. आमच्याकडे मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची, एक पुढे, एक मागे. जोडी ठरलेली असते, कारण पाऊल जुळायला वर्षं लागतात. आणि एक नियम आहे. दोघांपैकी कुणीही "सोड" म्हणाला की दुसऱ्याने तत्क्षणी हात काढून मागे उडी मारायची. का, कशाला, काही विचारायचं नाही. काच फुटली तर फुटली, मालक त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मात्र नंतर सगळं काम थांबतं, सगळे गोल उभे राहतात, आणि "सोड" म्हणणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगायचं, काय झालं. हात घामेजला, चक्कर आली, रात्री दारू झाली होती, जे असेल ते खरं. म्हणजे तीच चूक दुसऱ्याकडून होत नाही. नियम चांगला आहे. त्याने आमच्यापैकी तिघांचे तरी हात वाचलेत.

मी नव्हतो तेव्हा उंटाने एका नव्या माणसाबरोबर काच उचलली. पाऊल जुळलं नाही. उंटाच्या तळहाताला पाच टाके पडले. मला त्याने हे सांगितलं नाही, पट्टी बघून मीच विचारलं.

चोविसाव्या दिवशी दुपारी एका दुकानाची दर्शनी काच पाठवायची होती. सात फूट बाय पाच, आठ मिलिमीटर जाडीची, वजन पासष्ट किलो. मालक आणि बाकीचे दुसरीकडे बसवणीच्या कामावर गेलेले. कारखान्यात मी, उंट आणि दारात टेम्पो लावून हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर.

"चल," उंट हातमोजे चढवत म्हणाला.

"मला उचलायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कितवा दिवस आज?"

"चोविसावा."

"चोविसावा! अरे, मी विसाव्या दिवशी याच्या दीडपट उचलली. कोण डॉक्टर आहे तुझा? उद्या माझ्या डॉक्टरकडे चल, टाके दाखव, तो सांगेल काय ते. मला वाटतं तुझं काहीतरी बिघडलंय आणि तू लपवतोयस."

"काही बिघडलं नाही."

"मग राहू दे. ड्रायव्हरला घेतो." तो खरंच वळला. त्या ड्रायव्हरने जन्मात काच धरली नव्हती. उंटाच्या तळहाताची पट्टी मोज्यातून फुगलेली दिसत होती.

एक वाक्य. एवढंच लागत होतं. हर्निया नाही रे, दुसरंच आहे. उंट काय करणार होता? हसला असता. चार दिवस चिडवलं असतं. चार महिने चिडवलं असतं. मग? पण तेव्हा मला वाटलं, हे सांगण्यापेक्षा मेलेलं बरं. मी हातमोजे घातले.

काच टेकवून ठेवायच्या घोडीवरून ती उचलली. पहिली दहा पावलं काहीच झालं नाही, उलट बरं वाटलं, लाज वाटते पण खरं सांगतो, बरं वाटलं. पाऊल जुळलं होतं. मी पुन्हा माणसांत आलो होतो. मग उंबऱ्यापाशी काच थोडी वर घ्यावी लागते. ती घेतली, आणि उजव्या जांघेच्या वर आत काहीतरी सरकलं. आधी दुखलं नाही. काहीतरी जागचं हललं, एवढं कळलं. मग कळ आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सोड. शब्द ओठांवर आला होता. म्हणालो असतो तर उंटाने मागे उडी मारली असती, काच फुटली असती, आणि मालक आल्यावर सगळे गोल उभे राहिले असते.

मी दात आवळले आणि टेम्पोपर्यंत चालत गेलो. काच नीट आत गेली. एक ओरखडा नाही. उंटाने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बघ! उगाच बाऊ करत होतास."

घरी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो तर जांघेत अंड्याएवढा उंचवटा. दाबला की आत जायचा, हात काढला की बाहेर. खालची पिशवी लाल झालेली, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. मी देवाला नवस बोललो नाही इतकंच, बाकी सगळं केलं. बर्फ लावला, उरलेल्या गोळ्या घेतल्या, पाय वर करून पडलो. यंत्र एकदाही चाललं नव्हतं. सहावा आठवडा अजून दोन आठवडे लांब होता. मी बाथरूमच्या फरशीवर बसून हुंदके दिले, नळ मोठा सोडून. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा बायकोने काही न विचारता रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी तपासलं. "काय उचललंत?"

"काही नाही."

"पाण्याची पिशवी जागची सरकून जांघेत उतरली आहे. आपोआप उतरत नाही ती. काय उचललंत?"

"काच," मी म्हणालो. "दोघांत पासष्ट किलो."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "थोडक्यात, तुम्हाला हर्नियाच झालाय. आणि खाली जंतूही शिरलेत असं दिसतंय. आजच उघडावं लागेल."

तासाभराने हिरवा झगा घालून मी पलंगावर आणि बायको स्टुलावर. डॉक्टर कागद घेऊन आले. आत पू सापडला तर यंत्र काढायला संमती, अशी एक ओळ होती, तिच्यासमोर हो आणि नाही असे दोन चौकोन. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

"अहो, असं चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "पू असताना आत ठेवलं तर विष रक्तात जाईल. तुमच्या साखरेत ते जिवावर बेतू शकतं."

"धुऊन घ्या, औषधं भरा, काय वाटेल ते करा. काढू नका." मी त्यांचा हात धरला. आवाज माझा वाटत नव्हता. "डॉक्टर, पाया पडतो. काही झालं तरी काढू नका."

"जीव गेला तरी?" बायकोने विचारलं.

"गेला तरी."

हे बोललो तेव्हा मी तिच्याकडे बघतही नव्हतो, डॉक्टरांच्या हातातल्या पेनाकडे बघत होतो. ती उठून उभी राहिली.

"म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतंच," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सहा वर्षं तुम्ही बाहेर झोपलात. मला वाटलं, मी नकोशी झाले. आरशात बघून बघून मी शोधायचे, काय बिघडलंय माझं. एकदा, एकदा तरी आत येऊन नुसते पडला असता. मला काय हवं होतं हे एकाही दिवशी विचारलं नाहीत. आणि आता मी विधवा झाले तरी तुम्हाला चालेल, पण ते आत राहायला हवं. बरं."

पर्स उचलून ती बाहेर गेली. दार आपोआप मिटलं.

मी हाक मारली. ती आली नाही, की तिने ऐकली नाही, ते मला कळलं नाही. दोन माणसं आली आणि पलंगाचे ब्रेक काढून मला दुसऱ्या दाराने आत घेऊन निघाली. मी त्यांना म्हणालो, एक मिनिट थांबा, बायकोशी बोलायचंय. त्यातला एक म्हणाला, सगळे तसंच म्हणतात.

आत दिव्याखाली डॉक्टर हात वर धरून उभे होते.

"कागद बदला," मी म्हणालो. "पू असला तर काढा. सगळं काढा. मला जगायचंय."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि सिस्टरला तसं लिहायला सांगितलं. तिने कागद समोर धरला, मी पडल्या पडल्या सही केली.

"तिला सांगाल? बाहेर असेल. काढा म्हणालो म्हणून सांगा. आत्ता सांगा."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर दाराबाहेर गेली आणि लगेच परत आली.

"बाहेर कुणी नाहीये," ती म्हणाली.