मिर्झोची पिल्लं

“शेपूट नीट धर गं, गाठबीठ लागतेय का बघू दे,” म्हणत वेनेरा आपाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरलं होतं आणि त्यावर दीड महिन्याचं राखी पिल्लू चारही पाय फाकवून उभं होतं. मोहिनूरने एका हाताने त्याचं पोट सावरलं. वेनेरा आपाने शेपटीवरून बोटं फिरवली, जबडा उघडून दात पाहिले, कान उलटे करून पाहिले. ती ताश्कंदमधल्या मांजरांच्या क्लबची अध्यक्ष. कुणाकडे जातिवंत मांजर व्यायली की पिल्लं तपासायला ती स्वतः जायची. तिने सही केल्याशिवाय पिल्लाचं नाव वंशावळीत चढत नसे. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची, असा नियम. या खेपेला ‘न’ आला होता.

“नवाब, निगोरा, नफीसा,” मोहिनूर म्हणाली. “चौथ्याचं काय करायचं, खाला?”

“नकट्या ठेव. चपट्या नाकाचं पर्शियनच आहे, खोटं थोडीच आहे?”

मोहिनूर एवढ्या मोठ्याने हसली की पिल्लू दचकून तिच्या बाहीत शिरलं. हल्ली तिला कशावरही हसू यायचं.

तिची आई सानोबर चहाची किटली घेऊन आली. सानोबर पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. नवरा गेला तेव्हा मोहिनूर शाळेतसुद्धा जात नव्हती. पुढे एका गिऱ्हाइकाने परदेशी जाताना आपली मांजरी तिच्या गळ्यात मारली आणि तिथून मांजरांचं हे घराणं सुरू झालं. पण ते तिने असं चालवलं की लोक थट्टा करायचे. मांजरीला वर्षाला एकच वेत, तेही तिची तब्येत बघून. तीन महिन्यांच्या आत पिल्लू उंबऱ्याबाहेर नाही. घ्यायला आलेल्याच्या घरी ही बाई आधी स्वतः जाणार, खिडक्यांना जाळ्या आहेत का ते बघणार, घरात आरडाओरडा चालतो का ते ऐकणार. आमच्या मोहल्ल्यात म्हणायचे, सानोबरकडे पिल्लू मागण्यापेक्षा तिची मुलगी मागणं सोपं.

मुलीलाही मागणी आली होती. जसूर कॉलेजात मोहिनूरच्या वर्गात होता. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, पण त्याच्या आईने, फरोगत खालाने, रीतसर दोनदा फेऱ्या मारल्या. आता नान मोडायचा दिवस तेवढा धरायचा होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडला की सोयरीक पक्की.

“मिर्झोची पोरं म्हणजे डोळे मिटून सही करावी,” म्हणत वेनेरा आपाने कागद पुढे ओढले. तेवढ्यात पिल्लांचा बाप मिर्झो स्वतःच खोलीत आला आणि पाण्याच्या भांड्यापाशी बसला. तो पीत राहिला. पेला रिकामा होईल एवढं प्याला तरी उठेना.

वेनेरा आपाने पेन खाली ठेवलं. “हा असा का उतरलाय गं?”

“उन्हाळ्यामुळे असेल,” सानोबर म्हणाली.

“उन्हाळा संपला. त्सोयकडे घेऊन जा.”

डॉक्टर त्सोयने मिर्झोच्या पोटावरचे केस भादरले, गार चिकट औषध चोपडलं आणि यंत्राचं टोक फिरवायला सुरुवात केली. सानोबरने बोक्याचे पुढचे पाय धरले होते. राखाडी पडद्यावर काळे गोल दिसू लागले, एकाला एक चिकटलेले, लहानमोठे.

“पाण्याच्या गाठी आहेत, सानोबर आपा. दोन्ही मूत्रपिंडांत.”

“काढता येतात?”

“नाही. या जन्मापासून असतात, वर्षानुवर्षं फुगत जातात. पर्शियनांत हे घराण्यातून येतं. आई किंवा बाप, एकाकडे असलं तरी पुरतं. साधारण निम्म्या पिल्लांत उतरतं.” त्याने यंत्राचं टोक बाजूला ठेवलं. “तुम्ही याला आणलात तेव्हा तपासणी झाली होती का?”

“आईबाप तपासलेत म्हणाले होते. मी कागद मागितला नाही. तेव्हा इथे कुणाला ठाऊक होतं?”

“त्याला अजून वर्षभर सांभाळता येईल. खाणं बदलू, कातडीखाली सलाईन देऊ. मी शिकवतो तुम्हाला.”

“पडदा बंद करा, डॉक्टर,” सानोबर म्हणाली.

असे काळे गोल तिने आधी पाहिले होते. तिच्या नवऱ्याच्या, तोलिबच्या, पोटात. तोलिबचे वडील त्यानेच गेले होते, थोरला भाऊही. लग्न जमवताना यातलं अक्षर कुणी तिच्या आईवडिलांना सांगितलं नव्हतं. इस्पितळाच्या जिन्यात तिने सासूला विचारलं होतं, “का नाही सांगितलंत?” सासू म्हणाली होती, “सांगितलं असतं तर तू आली असतीस?” त्या दिवसापासून तिने सासूच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

मोहिनूरला एवढंच माहीत होतं की बाबांना मूत्रपिंडाचा आजार होता. तो कुठून आला हे तिने कधी विचारलं नाही, आणि सानोबरनेही तो विषय काढला नाही.

सानोबरने जाऊन वेनेरा आपाला सगळं सांगितलं.

“निम्म्या शहरात मिर्झोची अवलाद आहे, सानोबर. माझी स्वतःची मांजरी त्याची मुलगी.”

“म्हणून तर म्हणते. या वेताची नोंद थांबवा. आणि मोठी झालेली जेवढी आहेत, त्यांच्या दाखल्यांवर लिहा की तपासल्याशिवाय जोड लावायची नाही.”

“लोक दुसऱ्या क्लबात जातील. तिथे कोण विचारतंय?”

“जाऊ देत.”

“आणि तू? तुझं काय राहील?”

“मी माझ्या मांजरींची ऑपरेशनं करून टाकते. क्लबात नोंदवलेलं घराण्याचं नाव तुम्हाला परत.”

“बयो, जरा दम धर. वसंतातलं प्रदर्शन होऊ दे, मग बघू.”

“आपा, तोवर कितीतरी मांजरी गाभण राहतील.”

वेनेरा आपाने शिवी हासडली, पण दाखल्यांची फाईल काढली.

रोज कामावरून आली की सानोबर फोन घेऊन बसायची. मिर्झोचं पिल्लू ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलं, त्या सगळ्यांना तेच सांगायची. “मी सानोबर. तुमचं मांजर कसं आहे? एक वाईट बातमी आहे, ऐकून घ्या. त्याच्या बापाच्या मूत्रपिंडात गाठी निघाल्यात. हे रक्तातून येतं. निम्म्या पिल्लांत उतरतं. तपासून घ्या, खर्च मी देते.” कुणी रडलं. कुणी म्हणालं, मग दुसरं पिल्लू द्या. एका बाईने तिला फसवी म्हणून फोन आपटला. चिलोनझोर भागातल्या एका माणसाने मिर्झोचा मुलगा जोडीसाठीच ठेवला होता. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मी तपासणार नाही आणि तुम्ही मला फोन केला नव्हतात.”

मोहिनूर बाजूच्या खोलीत पिल्लांना भरवत असायची. पाचसहा दिवस तिने हे ऐकलं. मग एका संध्याकाळी फोन चालू असतानाच ती दारात येऊन उभी राहिली आणि सानोबर फोन ठेवेपर्यंत हलली नाही.

“बाबांना हेच होतं ना?”

सानोबरने शेजारी जागा केली.

“आजोबांना पण. काकांना पण. काका तापाने गेले म्हणाली होतीस.”

“मोहिनूर, बस इथे.”

“नाही बसत. म्हणजे मीही निम्म्यातली.”

“असशीलच असं नाही.”

“मांजराच्या पिल्लांसाठी गावभर फोन करतेस. माझ्यासाठी एकदा दवाखान्यात जावंसं वाटलं नाही?”

“घाबरले,” सानोबर म्हणाली. “दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नेते.”

मोहिनूर खाली बसली. मिर्झो तिच्या मांडीवर चढला आणि तिने सवयीने त्याच्या गळ्याखाली खाजवलं. मग ती म्हणाली, “फरोगत खालाला नाही ना सांगणार?”

“मोहिनूर...”

“नको सांगूस, आई. मी जसूरला सांगीन. माझं मी सांगीन, लग्न झाल्यावर. मला तो हवाय. तू यात पडू नकोस.”

सानोबरने मान डोलावली. तिला तेव्हा खरंच वाटलं होतं की आपण गप्प राहू शकू.

नान मोडायच्या दिवशी फरोगत खाला पाहुण्यांना घेऊन आली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर सुकामेवा, हलवा, द्राक्षं मांडली होती. दोन मोठे नान फरोगत खालाने नव्या रेशमी कापडात बांधून आणले होते. मोहिनूर रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत बसली होती आणि दाराच्या फटीतून तिच्या मैत्रिणी खिदळत होत्या. जसूरचे मोठे काका बाह्या सारून नान मोडायला तयार झाले.

चहा भरायला सानोबर स्वयंपाकघरात गेली, तशी फरोगत खाला मदतीला मागोमाग आली. ती गुबगुबीत, बडबडी बाई होती. आल्या आल्या पियाले पुसू लागली.

“विहीणबाई, एक सांगू? तुमचं ते मांजरांचं प्रकरण आमच्याकडेही पोचलं. माझी मावसबहीण म्हणाली, बाईने स्वतःचं नाव स्वतः बुडवलं. मी म्हटलं, अगं, उलट असं घर मिळायला नशीब लागतं. या घरात खोटं नाही.” तिने सानोबरचा दंड प्रेमाने दाबला. “आमचा एकुलता एक आहे हो. मला दुसरं काय हवंय?”

सानोबरच्या हातातली किटली कलंडली. ओट्यावर चहा पसरला. फरोगत खाला फडकं शोधू लागली आणि तिच्या पाठीकडे बघत सानोबर बोलली. तोलिबबद्दल, त्याच्या भावाबद्दल, वडिलांबद्दल. मुलीची तपासणी अजून झालेली नाही, तिला काही नसेलही. दोनचार वाक्यांत सगळं झालं.

फरोगत खालाच्या हातात ओलं फडकं तसंच राहिलं. उगीचच ओटा दोनदा पुसून तिने फडकं पिळून वाळत घातलं.

“तुमच्या जागी मी असते ना,” ती हळू म्हणाली, “तर नसतं सांगितलं.” तिचे डोळे भरून आले होते. तिने सानोबरला मिठी मारली. मग बाहेर जाऊन जाऊबाईच्या कानात काहीतरी बोलली. जसूरच्या काकांनी वर सारलेल्या बाह्या खाली केल्या. कुणाची तरी तब्येत बरी नाही, असं काहीबाही म्हणत पाहुणे उठले. रेशमी कापडातले नान तसेच, अख्खे, परत गेले.

जसूरचे फोन आठवडाभर येत राहिले. मग कमी झाले, आणि मग थांबले.

नान परत गेले त्या दिवशी मोहिनूर पाहुण्यांसाठी घातलेल्या कपड्यांतच बाहेर आली होती. “मी तुझं पिल्लू नव्हते, आई,” ती म्हणाली, “विकायला काढलेलं. की दाखल्यावर सगळं लिहून द्यायचं.”

“मी जे भोगलं ते तिच्या मुलाला...”

“तू जे भोगलंस ना, ते मला न सांगता भोगलंस. आणि माझं तिला सांगितलंस. मला विचारून सांगितलंस?”

सानोबर दस्तरखानावरच्या ताटल्या गोळा करू लागली.

हिवाळ्यात मोहिनूरला समरकंदच्या एका हॉटेलात हिशेबाचं काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता ती म्हणाली, “मी जाऊन आले तपासायला.”

सानोबर शिवणयंत्रावरून उठली. “काय निघालं?”

“ते माझं आहे.”

“मोहिनूर, मी तुझी आई आहे.”

“हो,” ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

मिर्झो थंडीतच गेला. शेवटी शेवटी तो सलाईनच्या सुईलाही हलत नसे. मांजरींची ऑपरेशनं झाली. ‘न’च्या वेतातली पिल्लं सानोबरने कुणाला दिली नाहीत. ती घरातच मोठी होत होती, आणि निगोरा आतापासूनच पाणी फार पीत होती. वेनेरा आपाचा क्लब फुटला. चिलोनझोरच्या माणसाने दुसऱ्या क्लबातून नवी नोंदणी घेतली, आणि वसंतातल्या प्रदर्शनात त्याच्या बोक्याला बक्षिसाची फीत मिळाली. वेनेरा आपाने हे फोनवर सांगितलं तेव्हा सानोबर म्हणाली, “दिसायला देखणाच होता तो.”

मिर्झोची मोठी झालेली पिल्लं कुठे कुठे आहेत, कुणात गाठी आहेत, कोण सुटलं, हे सानोबर झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. ज्यांनी तपासलं होतं त्यांना ती अजून फोन करून विचारायची.

नवरोझच्या सणाला मोहिनूर एका दिवसासाठी आली. केस कापले होते, चेहरा भरला होता. की तो सुजला होता, हे सानोबरला ठरवता येईना. मुलीने उंबऱ्यापाशी बूट काढले, घट्ट मोजे ओढून काढले आणि गादीवर येऊन बसली. तोलिब कामावरून आला की असाच बसायचा. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या घोट्यांवर मोज्याच्या रबराचे खोल वळ उमटायचे आणि जेवण होईपर्यंत तसेच राहायचे.

सानोबर पियाल्यात चहा ओतत होती, पण तिची नजर खाली, मुलीच्या घोट्यांवर गेली होती. मोहिनूरने ते पाहिलं. तिने पाय पोटाशी घेतले आणि वरून रजई ओढून घेतली.

“सांडतोय बघ, आई,” ती म्हणाली.